आरोप करणारा कोण? इंग्लंडच्या १३७६च्या ‘गुड पार्लमेंट’चं प्रकरण

१३७६च्या मे महिन्यात वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्यात लॉर्ड विल्यम लॅटिमरवर आरोप ठेवले गेले. सरकारी पैसा खाल्ल्यापासून किल्ले घालवल्यापर्यंत सगळं त्यात होतं. लॅटिमरने उलट विचारलं, हे आरोप नेमके करतंय कोण?

प्रश्न भाबडा नव्हता. तेव्हाच्या इंग्लिश कायद्यात एखाद्याला गुन्ह्यासाठी उभं करायचे मुख्य रस्ते दोन. एक, गावच्या-परगण्याच्या पंचांनी शपथेवर दोषारोप ठेवायचा. दोन, ज्याचं नुकसान झालं त्याने स्वतः फिर्यादी म्हणून पुढे यायचं. या दुसऱ्या रस्त्यात फिर्याद फसली तर फिर्यादीच गोत्यात यायचा, आणि प्रसंगी द्वंद्वयुद्धाचीही तयारी ठेवावी लागायची. लॅटिमर तर राजाचा चेंबरलेन. राजापर्यंत कोण पोहोचेल आणि कोणाचा अर्ज दारातच अडेल, हे ठरवणारा माणूस. त्याच्याविरुद्ध एकट्याने नाव देणं म्हणजे हाताने आपल्या गळ्यात फास घालून घेणं.

कॉमन्सनी, म्हणजे पार्लमेंटातल्या काउंट्यांच्या (परगण्यांच्या) आणि शहरांच्या प्रतिनिधींनी, उत्तर दिलं, आम्ही सगळे मिळून. ‘महाभियोग’ नावाचं हत्यार इंग्लंडच्या इतिहासात पहिल्यांदा नीट दिसतं ते या उत्तरात. पुढच्या वर्षभरात या पार्लमेंटाचा जवळजवळ प्रत्येक निर्णय धुळीला मिळाला. तरीही हे प्रकरण अभ्यासण्यासारखं आहे ते त्यातल्या कार्यपद्धतीसाठी.

म्हातारा राजा, रिकामी तिजोरी

तिसरा एडवर्ड तेव्हा ६३ वर्षांचा होता आणि त्याच्या राज्याचं पन्नासावं वर्ष चालू होतं. क्रेसी (१३४६) आणि प्वातिए (१३५६) इथल्या विजयांचा हा राजा. १३६०च्या ब्रेतिन्यीच्या तहाने फ्रान्सचा मोठा तुकडा त्याच्या पदरात पडला होता. पण १३६९मध्ये युद्ध पुन्हा पेटलं आणि सहा वर्षांत बहुतेक सगळं हातचं गेलं. उरलं कॅले, आणि बोर्दोच्या आसपासची किनारपट्टी. १३७३मध्ये राजाचा मुलगा जॉन ऑफ गॉन्ट, म्हणजे लँकेस्टरचा ड्यूक, कॅलेहून थेट बोर्दोपर्यंत फौज घेऊन गेला. वाटेत धड एक मोठी लढाई झाली नाही. घोडे आणि माणसं मात्र उपासमारीने आणि थंडीने गेली. १३७५मध्ये ब्रूज इथे तह करून तात्पुरती शांतता विकत घ्यावी लागली.

हे सगळं लोकांच्या पैशावर चाललं होतं. कारभार कसा चालायचा याचा एक मासला बघा. १३७१मध्ये ५०,००० पौंड उभे करायचे ठरलं आणि कर प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या गावहद्दीवर बसवायचा असं ठरलं. मंत्र्यांनी दर काढला पॅरिशमागे २२ शिलिंग ३ पेन्स. भागाकार करून पाहिला तर देशात सुमारे ४५,००० पॅरिश असल्याचं त्यांनी धरलं होतं. प्रत्यक्षात मोजदाद झाली तेव्हा नऊ हजारही निघाले नाहीत. दर एकदम ११६ शिलिंगांवर न्यावा लागला. ज्या सरकारला आपल्या राज्यात गावं किती हे पाचपटीच्या फरकानेही सांगता येत नाही, त्याने दोन वर्षांनी पुन्हा हात पुढे केला आणि १३७३च्या पार्लमेंटाने पुन्हा पैसे दिले. त्यानंतर अडीच वर्षं पार्लमेंट बोलावलंच नाही.

दरम्यान दरबार आक्रसत गेला होता. राणी फिलिपा १३६९मध्ये वारली. राजा फारसा बाहेर येत नसे आणि त्याच्याभोवती मोजक्या माणसांचं कडं होतं. चेंबरलेन लॅटिमर, राजवाड्याचा कारभारी जॉन नेव्हिल, लंडनचा दारूचा व्यापारी आणि सावकार रिचर्ड लायन्स, आणि राजाची प्रेयसी ॲलिस पेरर्स. राणीच्या दागिन्यांतले काही १३७३मध्ये राजाने ॲलिसला देऊन टाकले होते. लोकांना हे खुपणारच.

पैसा कुठे मुरत होता

आरोपांत राजाची जुनी देणी निम्म्या-पाव किमतीत विकत घेऊन खजिन्यातून पूर्ण वसूल करण्याचा प्रकार होता, आणि नेव्हिलचं नाव त्यातच आलं. पण सगळ्यात बोलके दोन आरोप कर्जाचे आणि लोकरीचे.

लॅटिमर आणि लायन्स यांनी राजाला २०,००० मार्क उसने मिळवून दिले. मार्क म्हणजे १३ शिलिंग ४ पेन्स, पौंडाचा दोन तृतीयांश. म्हणजे दिले १३,३३३ पौंड. खजिन्यातून परत घेतले २०,००० पौंड. दीडपट. कॉमन्सचं म्हणणं असं की एवढ्या पैशांची राजाला तेव्हा गरजच नव्हती, आणि गरज असलीच तर बिनव्याजी द्यायला दुसरे व्यापारी तयार होते.

इथे थोडं थांबायला हवं. राजाला कर्ज देणं हा तेव्हा बेभरवशाचा धंदा होता. याच एडवर्डने तरुणपणी फ्लॉरेन्सच्या बार्दी आणि पेरुझ्झी या सावकारी पेढ्यांचं कर्ज थकवलं होतं आणि दोन्ही पेढ्या बुडाल्या. अशा ऋणकोला कोणी दीडपटीने कर्ज दिलं तर नुसत्या व्याजदरावरून त्याला चोर म्हणता येत नाही. खरी गोम दुसरीकडे होती. लॅटिमर राजाच्या वतीने कर्ज काढणाऱ्यांत होता आणि कर्ज देणाऱ्यांतही. टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस बसला होता. आपल्याकडे याला कुंपणाने शेत खाणं म्हणतात, आणि माझ्या मते कॉमन्सचा रोख अचूक तिथेच होता.

लोकरीचं प्रकरण अधिक गंभीर. इंग्लंडची लोकर परदेशी न्यायची तर ती कॅलेच्या पेठेतूनच, असा १३६३पासूनचा दंडक होता. तिथे जकात वसूल व्हायची आणि कॅलेची शिबंदी त्या व्यापारावर जगायची. लायन्स आणि लॅटिमर यांनी ही पेठ चुकवून लोकर दुसरीकडून नेण्याचे परवाने विकले, असा आरोप होता. परवान्याचे पैसे राजाला किती पोहोचले आणि वाटेत किती मुरले, हाच वाद. त्यात ज्यांनी नियम पाळून कॅलेत माल नेला ते व्यापारी तोट्यात गेले. कॉमन्समध्ये शहरांचे प्रतिनिधी व्यापारीच होते, तेव्हा हा राग नुसता तत्त्वाचा नव्हता.

चॅप्टर हाउसमधले दिवस

पार्लमेंट २८ एप्रिलला भरलं. राजा आजारी असल्याने कामकाज गॉन्टच्या हाती होतं. चॅन्सलर जॉन निव्हेटने नेहमीप्रमाणे संरक्षणाचं कारण सांगून कर मागितला. मग लॉर्ड्स, म्हणजे बडे सरदार आणि बिशप, आपल्या दालनात गेले आणि कॉमन्स शेजारच्या मठात, वेस्टमिन्स्टर ॲबीच्या चॅप्टर हाउसमध्ये. ही आठ बाजूंची खोली आहे. मध्ये एकच उंच खांब आणि भिंतीलगत दगडी बैठका. ३७ काउंट्यांचे प्रत्येकी दोन असे ७४ नाइट, आणि शहरांचे प्रतिनिधी तिथे गोल बसले.

तिथे काय घडलं याचा अधिकृत दफ्तरात पत्ता नाही. दफ्तरात अर्ज आणि निकाल आहेत, बोलणं नाही. पण ‘ॲनोनिमाल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बखरीत इतकं जवळून पाहिलेलं वर्णन आहे की लिहिणाऱ्याला आतल्या कोणाची तरी साक्ष मिळाली असणार. त्यांनी आधी एकमेकांना शपथ दिली, की इथलं बोलणं बाहेर जाणार नाही आणि कोणी मागे हटणार नाही. मग दक्षिणेकडचा एक नाइट उठला, मधल्या वाचनपीठापर्यंत गेला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून पीठावर रेलून बोलू लागला. आत्तापर्यंतच्या करांनी लोक पार खंगलेत, आणि दिलेला पैसा वाया गेलाय. राजाच्या पैशावर काही लोक गबर झालेत, तो त्यांच्याकडून वसूल झाला तर आपल्यावर कर लादायची गरजच नाही. तो बसला, दुसरा उठला आणि त्याने कॅलेच्या पेठेचा विषय काढला. तिसऱ्याने सुचवलं की लॉर्ड्सपैकी काहीजणांना सल्ल्यासाठी मागून घेऊ. एकेक येतोय, पीठाशी उभा राहतोय, आपल्या जागी परत जातोय. सगळ्यांचं झाल्यावर हेरफर्डशायरच्या पीटर द ला मेअरने उठून सगळ्या मुद्द्यांचं असं सार मांडलं की बाकीच्यांनी त्यालाच सांगितलं, लॉर्ड्सपुढे तूच बोल.

सभापतिपदाची परंपरा इथून मोजतात. अधिकृत कागदात तसा उल्लेख पहिल्यांदा येतो तो पुढच्या वर्षीच्या थॉमस हंगरफर्डचा, पण काम सुरू झालं ते द ला मेअरपासून. हा माणूस मार्चचा अर्ल एडमंड मॉर्टिमर याचा कारभारी होता, हेही लक्षात ठेवावं. मॉर्टिमरची बायको राजाची नात. गादीच्या वारसाच्या प्रश्नात मॉर्टिमर आणि गॉन्ट यांची हितं एकमेकांच्या आड येत होती. कॉमन्सच्या मागे कोणी बडं माणूस नव्हतंच असं मानणं भोळेपणाचं होईल.

दार अडवलं तेव्हा

मेच्या दुसऱ्या आठवड्यात कॉमन्स उत्तर द्यायला राजवाड्यात गेले. दारावर काहीजणांना आत घेतलं आणि बाकीच्यांना मागे लोटलं. द ला मेअर आत गेला, पण बोलेना. गॉन्टने विचारलं, कोण बोलणार आहे? मी, असं त्याने सांगितलं. पण मी जे बोलणार ते सगळ्यांचं आहे, म्हणून सगळे आत आल्याशिवाय एक शब्द बोलणार नाही. गॉन्ट म्हणाला, एवढ्या गर्दीची गरज काय, दोघं-तिघं पुरेत, आजवर असंच चालत आलंय. द ला मेअर हलला नाही. शेवटी पांगलेल्या लोकांना शोधून आणावं लागलं.

मला हा सगळ्या प्रकरणाचा कणा वाटतो. आत दोन-तीनजण असते तर राजाच्या माणसांना दोन-तीन नावं मिळाली असती, आणि नाव मिळालं की माणूस वेगळा काढता येतो. लॅटिमरने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लॅटिमर तो विचारायच्या आधीच दारात ठरून गेलं होतं.

मग बारा लॉर्ड्सची समिती मागून घेतली, चार बिशप, चार अर्ल आणि चार बॅरन. मार्चचा अर्ल त्यांत होताच. हे बारा आले ते कॉमन्सशी सल्लामसलत करायला, म्हणजे अप्रत्यक्षपणे साक्षीदार आणि ढाल म्हणून. पुढच्या फेरीत कॅलेचा विषय निघाला. पेठ हलवण्यात राजाचा फायदाच होता, असा बचाव लॅटिमरने केला. द ला मेअरने सोबत आणलेलं कायद्यांचं पुस्तक उघडून वाचून दाखवलं, की जे पार्लमेंटात कायद्याने ठरलं ते पार्लमेंटाबाहेर मोडता येत नाही. शिव्याशाप नाहीत, आवेश नाही. पान उघडून दाखवलं. माजी खजिनदार रिचर्ड स्क्रोप आणि लंडनचा व्यापारी विल्यम वॉलवर्थ यांना कर्जाच्या व्यवहाराबद्दल विचारलं गेलं. हातात कागद आणि समोर माणूस असल्यावर आरोप हवेत राहत नाही.

लायन्सचं काय झालं, याची एक गोष्ट सेंट ऑल्बन्सच्या मठातल्या बखरकाराने दिली आहे. त्याने राजपुत्र एडवर्डला, म्हणजे पुढे ‘ब्लॅक प्रिन्स’ म्हणून ओळखल्या गेलेल्या थोरल्या मुलाला, माशांचं पिंप म्हणून पिंपभर पैसे पाठवले. आजारी राजपुत्राने ते परत केले. मग ते राजाकडे गेले, आणि राजा हसत म्हणाला, घेतो, हे माझेच आहेत. हा बखरकार गॉन्टचा कट्टर द्वेष्टा होता, तेव्हा गोष्ट जरा सांभाळूनच घ्यावी. लोकांना ती खरी वाटली, एवढं पुरे.

निकाल झटपट लागले. लॅटिमर पदावरून गेला, कैद आणि दंड झाला. लायन्सची मालमत्ता जप्त होऊन तो टॉवरमध्ये, म्हणजे लंडनच्या किल्ल्यात, कैदेत गेला. नेव्हिलचंही पद गेलं. ॲलिस पेरर्सला दरबारातून हाकललं आणि बायकांनी राजाच्या न्यायालयांत दुसऱ्यांचे खटले रेटू नयेत, विशेषतः ॲलिस पेरर्सने, असा हुकूम निघाला. तिच्यासाठी जादूटोणा करतो म्हणून एका डॉमिनिकन साधूलाही धरलं. बखर म्हणते की दोन नाइट लघवीच्या बाटल्या घेऊन रोगी बनून गेले. साधू वैद्यकीही करायचा, तो तपासायला खाली आला आणि अलगद सापडला.

हे चालू असतानाच ८ जूनला राजपुत्र वारला. कॉमन्सचा मोठा आधार गेला. त्यांनी लगेच मागणी केली की त्याचा नऊ वर्षांचा मुलगा रिचर्ड याला पार्लमेंटात आणून वारस म्हणून दाखवावं. गॉन्टच्या मनात काय आहे याचा संशय या मागणीत उघड होता. मुलाला आणलं गेलं. आणि कर? लोकरीवरची जकात चालू ठेवली, पण ज्यासाठी पार्लमेंट बोलावलं होतं तो थेट कर दिलाच नाही. १० जुलैला कामकाज संपलं. ७४ दिवस, तोवरचं सगळ्यात लांबलेलं पार्लमेंट. नाइटला दिवसाला ४ शिलिंग आणि शहराच्या प्रतिनिधीला २ शिलिंग भत्ता, तोही ज्याच्या त्याच्या काउंटीच्या किंवा शहराच्या खिशातून, हे लक्षात घेतलं की इतके दिवस ठाण मांडून बसण्याची किंमत कळते.

‘गुड’ हे विशेषण मात्र नीट तपासून घ्यावं. याच नाइटांनी याच पार्लमेंटात अर्ज दिला की शेतमजूर जास्त मजुरीसाठी मालक सोडून पळतात, त्यांना आवरा. प्लेगनंतर मजूर कमी झाले होते आणि मजुरी चढली होती. ती कायद्याने दाबून ठेवायची खटपट हीच मंडळी पंचवीस वर्षं करत होती. दरबाऱ्यांनी बाजारभावापेक्षा जास्त घेतलं म्हणून संतापलेल्यांना मजुराने बाजारभाव मागितलेला खपत नव्हता.

उलटफेर

पार्लमेंट उठलं आणि शपथेने बांधलेले सगळे आपापल्या काउंटीत परतले. त्यांचं बळ एकत्र बसण्यात होतं, आणि ते कधी बसणार हे राजा ठरवणार. दरवर्षी पार्लमेंट भरवा, असा त्यांचा अर्ज होता तो म्हणूनच. नऊजणांचं नवं सल्लागार मंडळ त्यांनी नेमून घेतलं होतं, पण त्याच्यामागे कोणी उभं राहणारं उरलं नाही. ऑक्टोबरमध्ये गॉन्टने आपल्या मर्जीतल्या लॉर्ड्सची बैठक बोलावून उलटे फासे टाकले. लॅटिमरला माफी मिळाली. ॲलिस परत आली. लॅटिमरवर तुटून पडलेल्या विंचेस्टरच्या बिशप विकहॅमवर आरोप ठेवून त्याच्या जहागिरी काढून घेतल्या. द ला मेअरला नॉटिंगहॅमच्या किल्ल्यात डांबलं.

जानेवारी १३७७मध्ये नवं पार्लमेंट भरलं. कॉमन्सच्या वतीने बोलायला आता थॉमस हंगरफर्ड, गॉन्टचाच कारभारी. द ला मेअर मॉर्टिमरचा कारभारी होता, तेव्हा खुर्ची कारभाऱ्याचीच राहिली, मालक तेवढा बदलला. या पार्लमेंटाने चौदा वर्षांवरच्या प्रत्येक माणसावर चार पेन्सची डोईपट्टी मंजूर केली. १३८०च्या हिवाळ्यात तिसऱ्यांदा आणि तिप्पट दराने बसवलेल्या अशाच डोईपट्टीतून १३८१चं शेतकऱ्यांचं बंड पेटलं. त्या बंडात लंडनच्या चीपसाइडमध्ये जमावाने रिचर्ड लायन्सला ठार केलं.

त्याआधी, २१ जून १३७७ला एडवर्ड वारला होता. दहा वर्षांचा रिचर्ड गादीवर आला, द ला मेअर सुटला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या पार्लमेंटात पुन्हा कॉमन्सच्या वतीने उभा राहिला. ॲलिसवर तिथे रीतसर खटला चालून ती दोषी ठरली.

पद्धत उरली

सगळ्यांनी मिळून आरोप करायचा आणि लॉर्ड्सनी निकाल द्यायचा ही रीत टिकली. मध्ये दीडेकशे वर्षं ती अडगळीत पडली आणि १६२१मध्ये पुन्हा बाहेर काढली गेली. वॉरन हेस्टिंग्जवर १७८८ ते १७९५ चाललेला खटला याच रीतीचा. कॉमन्समधल्या एडमंड बर्कने १७८६मध्ये त्याच्याविरुद्ध मांडलेल्या मूळ २२ आरोपांत मराठ्यांशी झालेलं युद्ध आणि तह हाही एक होता, पण तो खटल्यापर्यंत पोहोचला नाही. आपल्या राज्यघटनेच्या ६१व्या कलमात राष्ट्रपतींसाठी जी तरतूद आहे तिचं घराणंही हेच. एका सभागृहाने आरोप ठेवायचा, दुसऱ्याने चौकशी करायची.

पण एडवर्डच्या नातवाला ही रीत मुळीच मान्य नव्हती. १३८६मध्ये कॉमन्सनी चॅन्सलर मायकेल द ला पोलला काढायची मागणी केली, तेव्हा १९ वर्षांचा रिचर्ड म्हणाला म्हणे, त्यांच्या सांगण्यावरून मी माझ्या मुदपाकखान्यातला भांडी घासणारा पोऱ्याही काढणार नाही. काढावा लागला, आणि द ला पोल महाभियोगात दोषी ठरला. मग ऑगस्ट १३८७मध्ये रिचर्डने न्यायाधीशांना बोलावून मत घेतलं. राजाच्या इच्छेविरुद्ध त्याच्या अधिकाऱ्यांवर पार्लमेंटात महाभियोग चालवता येतो का? न्यायाधीशांनी लिहून दिलं, येत नाही, आणि तसं करणाऱ्यांना देशद्रोह्याची शिक्षा व्हावी. काही महिन्यांत राजाचा पक्ष हरला. १३८८च्या पार्लमेंटात कॉमन्सनी याच न्यायाधीशांपैकी बहुतेकांवर महाभियोग चालवला. देहदंड ठोठावला गेला, तो कमी करून त्यांना आयर्लंडला हद्दपार करण्यात आलं.